दृष्टिहीनांसाठी भ्रमणध्वनीची निवड

भ्रमणध्वनी विकत घेणारा डोळस ग्राहक दुकानात प्रथम पडद्याची झळाळी पाहतो. दृष्टिहीन व्यक्तीच्या खरेदीत तिला काहीच मोल नाही. पडद्यावरील मजकूर फोन बोलून दाखवतो का, तो मराठीत बोलतो का, बोटांच्या खुणांना लगेच प्रतिसाद देतो का आणि पैशांचे व्यवहार दुसऱ्याच्या मदतीवाचून पार पाडू देतो का, हे प्रश्न तेथे महत्त्वाचे ठरतात. त्यांची उत्तरे जाहिरातीत किंवा खोक्यावर छापलेली नसतात. ती फोन हातात घेऊनच मिळवावी लागतात.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ३२ हजारांहून अधिक होती. बँकेचा संदेश, गॅस सिलिंडरची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा निकाल हे सारे आता फोनवर येऊन ठेपले आहे. हा फोन ज्याला स्वतः वाचता येत नाही, त्याला एकदाच वापरावयाचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, घरातील वा शेजारच्या कोणाकडून वाचून घ्यावा लागतो. साहजिकच आपल्या खात्यावरील व्यवहार आपल्यापुरता ठेवणे त्याला शक्य होत नाही. योग्य फोनची निवड हा म्हणूनच सोयीपुरता मर्यादित विषय राहिलेला नाही.

बोलक्या फोनचा इतिहास फार जुना नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात नोकियाच्या सिंबियन प्रणालीवरील काही फोनांमध्ये ‘टॉक्स’ किंवा ‘मोबाइल स्पीक’ यांसारखे पडदावाचक सॉफ्टवेअर बसवता येत असे. त्याचा परवाना स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागे, म्हणजे फोनची किंमत वेगळी आणि त्याच्या वाचेची वेगळी. २००९ या वर्षी चित्र पालटले. अ‍ॅपलच्या आयफोन ३ जीएस या फोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा पडदावाचक मुळातच समाविष्ट होता आणि त्याच वर्षी गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीतही ‘टॉकबॅक’ने प्रवेश केला. गुळगुळीत काचेवर दृष्टिहीन माणूस काय करणार, ही शंका तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली होती; अनेक दृष्टिहीन वापरकर्त्यांनाही ती होती. आज बाजारातील बहुतेक स्मार्टफोनांत पडदावाचक विनामूल्य मिळतो आणि निवडीचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

कळांचा फोन की स्पर्शाचा

पहिला निर्णय कळफलकाच्या साध्या फोनविषयी आहे. अशा फोनवर ५ या अंकाच्या कळीवर छोटा उंचवटा असतो. त्यावर मधले बोट ठेवले की उरलेल्या कळांची जागा आपोआप कळते. भारतात मिळणारे अनेक स्वस्त फोन दाबलेला अंक मोठ्याने उच्चारतात. परंतु अंक बोलणारा फोन म्हणजे दृष्टिहीनांसाठीचा फोन, हा समज चुकीचा आहे. आलेला संदेश, फोन करणाऱ्याचे नाव, बॅटरीची स्थिती व मेनू हे तो वाचून दाखवत नसेल, तर त्याचा उपयोग क्रमांक फिरवणे आणि फोन उचलणे एवढाच राहतो. चेक प्रजासत्ताकातील ‘ब्लाइंडशेल’सारखे, कळांचे आणि पूर्णपणे बोलणारे फोन खास दृष्टिहीनांसाठी तयार केले जातात, मात्र त्यांची किंमत साध्या फोनच्या कितीतरी पट असते आणि मराठी वाचन मिळेल की नाही, याची खात्री खरेदीपूर्वी करून घ्यावी लागते.

उतारवयात दृष्टी गमावलेल्या व्यक्तीसाठी कळांचा फोन अनेकदा सोयीचा ठरतो. बोटांच्या नव्या खुणा शिकण्याचा उत्साह नसेल किंवा हात थरथरत असतील, तर महागडा स्मार्टफोन भेट देऊन उपयोग नाही. तो कपाटात पडून राहतो. अशा फोनवरून पैसे पाठवण्याची सोयही आता आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सेवा सुरू केली. तिच्यात ठरावीक क्रमांकावर फोन करून, ध्वनिमुद्रित सूचना ऐकत कळा दाबून व्यवहार करता येतो. खरेदी करताना फोन ४जी आहे का, हे मात्र विचारलेच पाहिजे. सर्वच कंपन्यांकडे जुने २जी जाळे नाही. जिओची सेवा तर २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच २जीविना आहे.

शिक्षण, नोकरी, बँक आणि वाचन यांसाठी मात्र स्मार्टफोनला पर्याय नाही. त्याची कार्यपद्धती एकदा समजून घेतली की काचेची भीती जाते. पडदावाचक सुरू असताना बोटाचा नुसता स्पर्श काहीही उघडत नाही. बोटाखाली काय आहे, तेवढेच सांगतो. उजवीकडे बोट सरकवले की पुढील घटक, डावीकडे सरकवले की मागील घटक ऐकू येतो. हवा तो घटक सापडला की पडद्यावर कोठेही दोनदा टिचकी मारावयाची. पडद्याचा नकाशा पाठ असण्याची गरज नसते, क्रम लक्षात राहिला तरी काम भागते. सरावलेला वापरकर्ता अक्षर, शब्द, ओळ किंवा शीर्षक अशा निरनिराळ्या टप्प्यांनी मजकूर वाचतो. आयफोनवर त्यासाठी दोन बोटे पडद्यावर ठेवून गोल बटण फिरवल्यासारखी हालचाल करतात. अलीकडच्या टॉकबॅकमध्ये तीन बोटे वर किंवा खाली सरकवून हा टप्पा बदलता येतो.

हा टप्पा किती उपयोगी आहे, ते सहा अंकी ओटीपी आला की समजते. वाचक आवाज अनेकदा तो संपूर्ण संख्या म्हणून, लाख आणि हजारांत वाचून मोकळा होतो. अक्षराचा टप्पा निवडल्यास एकेक अंक सुटा ऐकू येतो. ही एक खूण माहीत नसल्याने ओटीपी दुसऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ येते.

अँड्रॉइड आणि आयफोन

आयफोनचा मोठा गुण एकसारखेपणा हा आहे. कोणतेही मॉडेल घेतले तरी व्हॉइसओव्हरच्या खुणा आणि सेटिंगची रचना बहुतांशी तीच राहते, आणि एकाने शिकलेले दुसऱ्याला फोनवरून सांगता येते. उणीव किमतीची आहे. अँड्रॉइडमध्ये दहा हजार रुपयांच्या आसपासही उपयुक्त फोन मिळू शकतो. पण प्रत्येक उत्पादक प्रणालीवर आपापला साज चढवतो आणि मेनूंची नावे व जागा बदलतात. काही फोनांत बॅटरी वाचवण्याची यंत्रणा पार्श्वभूमीला चालणारे कार्यक्रम इतक्या कठोरपणे बंद करते की पडदावाचकच मधूनमधून गप्प होतो. डोळस माणसासाठी ही किरकोळ तक्रार ठरेल. दृष्टिहीन माणसाचा फोन त्या क्षणी बंद पडलेला असतो. म्हणून शक्यतो मूळ अँड्रॉइडच्या जवळ राहणारा किंवा दीर्घकाळ सुधारणा मिळणार असलेला फोन घेणे श्रेयस्कर. गूगलने पिक्सेल ८ (२०२३) पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ (२०२४) मालिकेपासून सात वर्षांच्या सुधारणांचे आश्वासन दिले आहे. स्वस्त फोनांना ही मुदत बरीच कमी मिळते.

स्मृतिक्षमतेत काटकसर करू नये. फोन मंद असला तर बोट सरकल्यानंतर आवाज येईपर्यंत अर्धा-एक सेकंद जातो, आणि शंभर घटकांच्या पानावर तो विलंब असह्य होतो. ४ जीबी रॅम ही किमान मर्यादा मानावी. ६ जीबी असल्यास उत्तम.

फोन मराठी वाचतो की हिंदी

मराठी ग्राहकाने सर्वाधिक वेळ ज्याच्या तपासणीला द्यावा, अशी बाब म्हणजे वाचक आवाज. पडदावाचक आणि वाचक आवाज या दोन निराळ्या वस्तू आहेत. पडदावाचक काय वाचावयाचे ते ठरवतो, आवाज ते उच्चारतो. मराठी आवाज उतरवून घेतलेला नसेल तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजाकडे जातो आणि लिपी एकच असल्याने हिंदी आवाज तो बिनदिक्कत वाचतो. येथेच घोटाळा होतो. ‘ज्ञानेश्वर’ ‘ग्यानेश्वर’ होतात. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांतील भेद धूसर होतो. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील ‘च’ मराठीत वेगवेगळे आहेत, तसेच ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतील ‘झ’ही, हिंदी आवाज ते एकाच साच्यातून काढतो. रकमाही हिंदी संख्यानामांत ऐकू येतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा दिल्ली येथील मराठी कुटुंबांना हिंदी परकी नाही, त्यामुळे अर्थ लागतो. परंतु पुस्तक किंवा वृत्तपत्र तासभर ऐकावयाचे असेल तर असा आवाज थकवतो.

गूगलच्या वाचक आवाजांत मराठीचा समावेश आहे. आयफोनमध्ये मराठी आवाज २०२२ च्या आयओएस १६ बरोबर आला. तेवढा जुना फोन घेताना तो आयओएस १६ पर्यंत पोहोचतो का, हे पाहावे. ‘ईस्पीक’ या मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअरमध्येही मराठी आहे. त्याचा आवाज यंत्रासारखा, प्रथमदर्शनी कर्कश वाटणारा आहे; पण अत्यंत वेगातही त्याचे शब्द सुटे राहतात, म्हणून जुनेजाणते वापरकर्ते तोच पसंत करतात. नव्या ग्राहकाने गोड आवाजावर भाळण्यापूर्वी तो दीडपट-दुप्पट वेगाने ऐकून पाहावा. सरावाने सारेच वेग वाढवतात आणि त्या वेगात मधुर आवाजांचे शब्द एकमेकांत मिसळू लागतात.

तपासणीसाठी एक संदेश आधीच तयार ठेवावा. त्यात मराठी वाक्य, एखादा इंग्रजी शब्द, रक्कम, तारीख आणि सहा अंकी क्रमांक असावा. एकाच ओळीत दोन भाषा आल्यावर आवाज बदलतो का, की इंग्रजी शब्द गिळला जातो, ते त्यातून उघड होते. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठीला मात्र कोणताही महागडा फोन पुरा पडत नाही. नातेवाईक ती लिपी वापरत असतील तर त्यांनाच देवनागरीत लिहिण्याची किंवा आवाजी संदेश पाठवण्याची विनंती करणे सोपे. युनिकोडपूर्व फाँटमधील जुन्या धारिका आणि कागदाचे छायाचित्र काढून बनवलेल्या पीडीएफ यांचीही तीच गत होते. शासकीय परिपत्रक उघडूनही फोन गप्प राहिला तर दोष बहुधा फोनचा नसतो.

लिहिण्याची बाजूही पाहून घ्यावी. २०१७ पासून गूगलच्या कळफलकावर मराठीत बोलून मजकूर लिहिता येतो. दैनंदिन निरोपांसाठी ते पुरेसे आहे, नावे आणि पत्ते मात्र तपासावे लागतात. ब्रेल जाणणाऱ्यांसाठी आयफोनमध्ये २०१४ पासून आणि टॉकबॅकमध्ये २०२० पासून पडद्यावरच ब्रेलच्या सहा बिंदूंनी लिहिण्याची सोय आहे. बोटे एकदा बसली की गर्दीत, कोणाला ऐकू न जाता वेगाने लिहिता येते.

हाताला काय लागते

आवाज कमी-अधिक करण्याची आणि फोन सुरू करण्याची बटणे स्पर्शाने वेगळी ओळखू यावीत. बोटाचा ठसा घेणारी जागा कडेच्या बटणावर असल्यास बोट आपोआप तेथे पोहोचते; तीच पडद्याच्या काचेखाली असल्यास गुळगुळीत पृष्ठभागावर चाचपडावे लागते. चेहऱ्याने उघडणारा फोन घेतल्यास, डोळे पडद्याकडे रोखण्याची अट बंद करता येते का, हे विचारावे; आयफोनमध्ये ती सोय आहे. कंप जोरदार व सुस्पष्ट हवा, कारण गोंगाटात तोच आधार असतो.

वायरच्या इअरफोनसाठी छिद्र असलेला फोन मिळत असल्यास त्याला पसंती द्यावी. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही, पण बोटाच्या प्रत्येक हालचालीचे उत्तर हवे असताना जाणवते. शिवाय रस्त्याने चालताना दोन्ही कान कधीही झाकू नयेत. वाहनांचा आवाज फोनपेक्षा मोलाचा आहे.

कॅमेऱ्याचा उपयोग मात्र डोळस ग्राहक समजतो त्याहून निराळा आहे. रिझर्व्ह बँकेचे ‘मणी’ हे विनामूल्य अ‍ॅप जानेवारी २०२० पासून उपलब्ध असून ते नोटेचे मूल्य ओळखून सांगते. एकदा उतरवून घेतल्यावर त्याला इंटरनेट लागत नाही. गूगलचे ‘लुकआउट’ आणि मायक्रोसॉफ्टचे ‘सीइंग एआय’ ही अ‍ॅप छापील मजकूर व वस्तूंची ओळख करून देतात. ‘बी माय आइज’वर स्वयंसेवकाशी दृक्‌संवाद साधून, किंवा २०२३ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने, समोरचे वर्णन मिळवता येते. यासाठी फार उच्च क्षमतेचा कॅमेरा नको. प्रकाश कमी असताना लवकर स्थिरावणारा हवा. औषधाचे नाव आणि मात्रा यांबाबत मात्र या वर्णनांवर विसंबून राहू नये.

पूर्ण अंधत्व नसलेल्या, अंधुक दिसणाऱ्या व्यक्तीची निवड वेगळी असते. तिच्यासाठी पडदा खरोखर महत्त्वाचा ठरतो: मोठा, उन्हात वाचता येणारा, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणारा. अक्षरे सर्वांत मोठी केल्यावर बँकेच्या अ‍ॅपमधील बटणे पडद्याबाहेर जातात का, तेही पाहावे.

पैशांचे व्यवहार आणि कायदा

सर्वांत कठीण परीक्षा बँकेच्या अ‍ॅपची असते, आणि ती फोन उत्पादकाच्या हातात नसते. बटणांना नावे न दिल्यास पडदावाचक केवळ ‘बटण, बटण’ असे उच्चारत राहतो. चित्ररूप सांकेतिक अक्षरे ओळखण्याची अट घातल्यास मार्ग तेथेच खुंटतो. ओळख पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्यास सांगितले जाते, तेव्हा अनेकांना ते शक्यच नसते. या प्रश्नावर अ‍ॅसिड हल्ल्यातून बचावलेली एक महिला आणि एक दृष्टिहीन वकील यांनी केलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सांगून न्यायालयाने ओळख पडताळणीची प्रक्रिया सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. त्यापूर्वीच दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ४२ ने दैनंदिन वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, अशी उपाययोजना सरकारवर सोपवली आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे ‘आयएस १७८०२’ हे मानक २०२३ मध्ये त्या कायद्याच्या नियमांत अंतर्भूत झाले. बँकेकडे लेखी तक्रार करताना या तरतुदींचा उल्लेख केल्यास तिला वजन येते.

गोपनीयतेसाठी दोन सवयी पुरेशा आहेत. पिन भरताना इअरफोन लावावा आणि पडदा काळा करावा. आयफोन आणि टॉकबॅक दोहोंतही आवाज चालू ठेवून पडदा काळा करण्याची सोय आहे, त्यामुळे मागे उभ्या असलेल्याला काही दिसत नाही. पडदावाचकाला पडद्यावरील सर्व मजकूर वाचण्याची जी परवानगी असते, तीच परवानगी फसवे अ‍ॅपही मागतात, हेही ध्यानात ठेवावे. अनोळखी दुव्यावरून आलेल्या अ‍ॅपला ती देणे म्हणजे खाते उघडे टाकणे होय.

दुकानात

वापरणाऱ्याने स्वतः दुकानात जावे. त्याच्या वतीने दुसऱ्याने फोन आणणे हा बहुतेक फसलेल्या खरेद्यांचा आरंभ असतो. अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली असता टॉकबॅक सुरू होतो. आयफोनमध्ये सुरुवातीच्या मांडणीच्या वेळी बाजूचे किंवा होम बटण तीनदा दाबावे. विक्रेत्याला ही माहिती नसण्याचीच शक्यता अधिक, आणि आवाज सुरू झाला की फोन बिघडला असे समजून तो बंद करण्याची घाई करतो. त्याला थांबवून पंधरा मिनिटे मागून घ्यावीत. तेवढ्यात फोन लावणे, उचलणे, कापणे, तयार संदेश ऐकणे आणि मोठ्या यादीतून वेगाने सरकणे एवढे करून पाहावे. दुकानात नमुना म्हणून ठेवलेल्या फोनवर मराठी आवाज उतरवलेला नसतो. तो उतरवण्याची परवानगी मिळाली नाही, तर परत करण्याची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. ओळखीच्या दृष्टिहीन व्यक्तीकडे तेच मॉडेल असेल तर तिच्याकडे घालवलेला अर्धा तास दुकानातील चाचणीपेक्षा उपयुक्त ठरतो.

प्रशिक्षणासाठी मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, सेंट झेवियर्स महाविद्यालयातील झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड, अहमदाबादची अंधजन मंडळ ही संस्था आणि देहराडूनची राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था यांच्याकडे चौकशी करता येते. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅडिप’ योजनेखाली पात्र व्यक्तींना पडदावाचकासह स्मार्टफोनही दिले जातात. उत्पन्नमर्यादा वेळोवेळी बदलत असल्याने जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन विचारणा करावी.

नवा फोन घरी आल्यावर जुना लगेच विकू किंवा देऊन टाकू नये. बँकेची अ‍ॅप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावी लागतात आणि त्या वेळी येणारा ओटीपी, अंगवळणी पडलेल्या जुन्या फोनवर ऐकणे पहिल्या काही दिवसांत अधिक सोपे जाते. सिमकार्ड सर्वांत शेवटी हलवावे.